सारवलेली डी

रविवार, ७ डिसेंबर १९८६
हार. ०–३. तीही आपल्याच मळ्यात, भात कापून हॉकीला मोकळ्या केलेल्या.
मळ्याच्या कडेच्या दगडी गडग्यावर ह्यांची जागा मोकळी ठेवून बसले होते. अर्ध्या वेळेनंतर शेजारची इंदू म्हशींना वैरण घालून आली आणि नेमकी तिथेच बसली. आधी राग आला, मग बरं वाटलं.
सांतानने गोल राखण्यात कसूर केली नाही. पॅडवर यायचे ते चेंडू उसळून खांद्यावरून गेले. तो सकाळी दारोदार पाव घालणारा पोदेर, संध्याकाळी गोलकीपर. इंदू म्हणाली, "पोदेराक पीठ मळूक येता, बॉल अडवूक येणा नाय." तिचं सावंतवाडीकडचं तोंड, ऐकायला चारजण होते, चारही हसले. मी नाही हसले. मग घरी येताना हसले.
मॅच संपली की बाबलो, आपला कप्तान, गडग्याकडे येऊन ह्यांच्या पाया पडायचा. हरला तरी. आज सायकल काढून सरळ गेला. आषाढात हे गेले तेव्हापासून तो माझ्याशी मोजकंच बोलतो.

सोमवार, ८ डिसेंबर
सांतानने आज भोंपू वाजवला नाही. दारात येऊन खोकला. पाच महिने झाले तरी हात सवयीने पावाचे चार उंडे काढतो आणि दोन परत टोपलीत टाकतो. मी काही म्हणत नाही. तेवढाच ह्यांचा हिशेब कुणीतरी चालू ठेवलाय.
त्याने भाटकारांचा, मळ्याच्या मालकांचा, निरोप सांगितला. लीगमध्ये शेवटचा नंबर येणारा संघ बाहेर जातो. आपण बाहेर गेलो तर मळा ट्रक उभे करायला देणार. लीग खेळता तोवर मळा तुमचा, असा शब्द होता, तो त्यांनी पाळला. वाईट माणूस नव्हे.
सांतान म्हणाला, "वैनी, बॉल उडटा. हांव किते करूं?"
ह्यांनी जन्मभर खाणीचा ट्रक चालवला, पण एकदाही गडग्याच्या आत आणला नाही. चौदा हिवाळे मुलांना त्या मळ्यात हॉकी शिकवली. माझ्यासाठी ते सगळं तिथेच आहे. घरात फक्त कपडे आहेत.
सात संघांत आपण सातवे. अजून निम्मी लीग बाकी आहे. निम्मी म्हणजे पुष्कळ.

रविवार, १४ डिसेंबर
पेडण्याला मॅच, म्हणून काल केरीला भावाकडे गेले होते. माहेरचं घर तेच, जनेलातून खाडीपलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो तोही तोच. वहिनीने बांगड्यांचं तिखलं केलं. मला वाढताना, विधवेला मासे कसे म्हणून, तिचा हात थबकला, मी वाटी पुढे केली. भावाने मान खाली घालून भात कालवला. चांगली माणसं आहेत.
जिंकलो! २–१. दोन्ही गोल पेनल्टी कॉर्नरवर. बाबलोच्या भावाने चेंडू काठीने थांबवला, बाबलोने जमिनीलगत मारला. गोलाच्या फळीवर धाड. तो आवाज मी ह्या वर्षी पहिल्यांदा ऐकला.
परतताना ट्रकच्या केबिनमध्ये बसवलं मला. मागे सगळे गात होते. बाबलो माझ्या बाजूलाच होता, पण रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसला.

मंगळवार, २३ डिसेंबर
रविवारची मॅच झाली नाही. रस्त्यांवर झाडं आडवी टाकली आहेत, बस नाही, पेपर नाही, दोन दिवस पोदेर नाही. राजभाषा कोंकणी की मराठी, ह्यावरून सगळीकडे पेटलंय. काल आमच्या पंपाजवळही भांडण झालं.
सांतान कोंकणीवाला, बाबलो मराठीवाला. दोघे प्रॅक्टिसला एकाच सायकलीवर येतात. इंदूने सांतानला विचारलं, गोल झाला तर ओरडायचं कुठल्या भाषेत? तो म्हणाला, आधी होऊ तर दे.
मी बोलते कोंकणी, लिहिते मराठी. देवाला दोन्ही कळतं असं धरून चालले आहे.

रविवार, २८ डिसेंबर
हार. ०–२. आपल्या मळ्यात.
सहा पेनल्टी कॉर्नर मिळाले. एकही चेंडू थांबला नाही. काठीवरून उड्या मारून गेले. सहाव्याला बाबलोने काठी जमिनीवर आपटली. ह्यांनी त्याला तिथल्या तिथे बाहेर काढलं असतं.
इंदू आज मॅच संपायच्या आधीच म्हशींकडे गेली. तेच वाईट.

मंगळवार, ३० डिसेंबर
पेपर आला. आपल्या हारीच्या साडेतीन ओळी. मी वाचायला शिकले ती अशाच ओळींमुळे. लग्नानंतर पेपरात आपल्या संघाचं नाव कुठे आहे ते अक्षर अक्षर शोधायचे. नाव सापडलं की त्याच्या मागचं-पुढचं वाचायचे. मग सगळा पेपर, मग डिचोलीच्या वाचनालयातली पुस्तकं.
आज दुपारी ही वही मागे जाऊन वाचली. ह्या वर्षीची, मग मागच्या वर्षांच्या. मागची चार वर्षं घरच्या मैदानावर आपण फक्त दोनदा हरलो. ह्या वर्षी घरी चारही हरलो, बाहेर एक जिंकलो, दोन बरोबरीत. मुलं तीच, गोलकीपर तोच.
मुलं बिघडलेली नाहीत. मग काय बिघडलं?

बुधवार, ३१ डिसेंबर
दुपारी मळ्यात कुणी नसताना ह्यांची काठी आणि एक चेंडू घेऊन गेले. गोलापुढच्या अर्धगोलात, डीमध्ये, उभी राहिले. चेंडू ढकलला. चार हात नीट गेला, मग टुणकन् उडाला. दहादा केलं. दहाही वेळा.
बसून हाताने चाचपलं. खाणीवरची तांबडी माती, तिच्यात हरभऱ्याएवढे खडे. वर रोलर फिरवलेला. दिसायला शहरातल्यासारखं.
दरवर्षी भात कापलं की हे दोन्ही डी चोपून घ्यायचे, खळ्यासारख्या, आणि मी सारवायची. दर शनिवारी शेणाचा हात फिरायचा. चेंडू त्यावरून तेल लावल्यासारखा जायचा. ह्या वर्षी मला कुणी बोलावलं नाही. मी समजले, आता विधवेचा हात नको असेल, हंगामाच्या सुरुवातीला नारळ फुटतो तिथे. मीही गेले नाही. गडग्यावरून कडेकडेने बघत राहिले आणि पायाखालची माती बदललेली मला दिसली नाही.
दिसायला हवी होती.

गुरुवार, १ जानेवारी १९८७
सांगावं की नाही. सांतानकडून कळलं, बाबलोने ती माती स्वतः टिपरने आणली, खाणीच्या मुकादमाच्या पाया पडून रोलर मिळवला. त्याचं मन मोडेल. नाही सांगितलं तर मळा जाईल.
सांतानने आज केक दिला. घरी केलेला. अर्धा इंदूला नेऊन दिला. ती म्हणाली, पोदेराला हे येतं तर.

शुक्रवार, २ जानेवारी
सांगितलं.
बाबलो गॅरेजमध्ये ट्रकच्या खाली होता. मी त्याच्या पायांशी बोलले, ते सोपं गेलं. मग सरपटत बाहेर आला, तोंडाला ग्रीस.
म्हणाला, "वैनी, वर्स लेगीत जावंक ना, आनी तुमकां शेणांत हात घालात म्हण कशें सांगप?"
म्हणजे ह्यांना जाऊन वर्षही झालं नाही, मला त्रास नको, म्हणून मुलांनी ती माती आणली. मला नको असं ते समजले, त्यांना नको असं मी समजले. पाच महिने एकमेकांचा मान राखत बसलो, आणि चार मॅचा हरलो.
मी म्हटलं, "शेणांत हात घातल्यार माणूस मरना रे."
तो ग्रीसच्या हाताने डोकं खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "रोलर परत दिवंक जाय मगीर."
घरी येऊन खूप रडले. वाईट वाटून नव्हे.

रविवार, ४ जानेवारी
आज बाहेरची मॅच, १–१. मी गेले नाही. सकाळपासून मळ्यात.
खेळून आल्यावर मुलं त्याच कपड्यांत खरवडायला लागली. तांबडी माती काढायला दोन दिवस तरी जातील.

बुधवार, ७ जानेवारी
वारुळाची माती तीन गाड्या. पाणी विहिरीचं. इंदूने तिच्या म्हशींचं शेण दिलं, आणि शेजारच्या चार घरांतून भांडून आणलं. खाणीवरच्या बेळगावकडच्या बायका कामावरून सुटून आल्या, न सांगता. पदर खोचून रांगेत बसल्या. त्यांना हे काम माझ्यापेक्षा चांगलं येतं.
मुलांना चोपणं धरता येईना. दिवसभर हॉकीची काठी धरणारे हात, पण चोपणं तिरकं पडायचं. इंदूने त्यांच्या आयाच काढल्या, "आवशीन शिकवूक नाय काय?" सांतान सगळ्यांत खराब. मग त्याला पाणी मारायला लावलं.
माती ओली असते तेव्हा आवाज मऊ येतो. घट्ट झाली की आवाज बदलतो, तेव्हा थांबायचं. मी कान देऊन बसले होते. आवाज बदलला तेव्हा वाटलं हे आत्ता म्हणतील, पुरे. कुणी म्हटलं नाही, म्हणून मीच म्हटलं.

शनिवार, १० जानेवारी
दोन्ही डी सारवून झाल्या. गोलाकडून मागे मागे येत, हाताचे अर्धगोल काढत. ह्यांच्या वेळी एकटीच करायची, कंबर जायची. आज सातजणी होतो, उन्हं उतरायच्या आत संपलं. सांतानने दोन टोपल्या उंडे आणले, त्याच्या बायकोने चहाची किटली. प्यायचे कोप कमी पडले, आळीपाळीने प्यायलो.
हात अजून वास देतात. धुतले नाहीत नीट.

रविवार, ११ जानेवारी
१–१. घरच्या मैदानावरचा ह्या वर्षीचा पहिला गुण.
तिसरा पेनल्टी कॉर्नर. चेंडू आत आला आणि काठीशी थांबला. पाटावर ठेवलेल्या तांब्यासारखा. मग बाबलोने मारला. फळी वाजली.
जिंकायलाच हवं होतं. शेवटच्या पाच मिनिटांत सांतानच्या पायांमधून गेला. उडाला नाही, सरळ गेला. तो स्वतःच म्हणाला, आज माझीच चूक, मातीची नाही. हे बोलताना त्याचा चेहरा केवढा मोकळा होता.
मॅचनंतर बाबलो गडग्याकडे आला. वाकला. मी पाय मागे घेतले, मग राहू दिले.
अजून शेवटचेच आहोत. एका गुणाने.

गुरुवार, १५ जानेवारी
काल संक्रांत. हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही, ते ठीकच. पण संध्याकाळी इंदू तिळगूळ घेऊन आली, म्हणाली, भाटकार रविवारी मॅच बघायला येणार आहेत. ट्रकवाल्यांना त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, लीग संपेपर्यंत थांबा म्हणाले.
रविवारी पहिल्या नंबरचा संघ आहे. हरलो तर पुढच्या सगळ्या मॅचा जिंकाव्या लागतील. आपण कधी सगळ्या जिंकलो नाही, ह्यांच्या वेळीही नाही.

शनिवार, १७ जानेवारी
शेणाचा हात फिरवला. आज नऊजणी.
देवळात गेले. ह्यांच्यासाठी काही मागितलं नाही, मॅचसाठीही नाही. एवढी माणसं दिलीस, म्हटलं, आणि घरी आले.

रविवार, १८ जानेवारी
सकाळचे आठ. रात्री दव पडलं, म्हणून उठल्या उठल्या मळ्यात जाऊन आले. ओलं आहे, पण उन्हाने दहापर्यंत सुकेल.
सांतान तिथेच भेटला. पावाची सायकल गडग्याला टेकवलेली, चपला बाहेर काढलेल्या. डीच्या रेषेबाहेर अनवाणी उभा राहून बघत होता, आत पाय टाकला नव्हता. विचारलं, सुकतलें मू? सुकेल म्हटलं. त्याने टोपलीतून चार उंडे काढले. दोन परत ठेवायला गेला, तर मी म्हटलं, राहू दे. इंदू येतेय जेवायला.
चारला मॅच. आकडा संध्याकाळी लिहायला विसरू नये म्हणून जागा आत्ताच सोडून ठेवते.
आम्ही —  ते —