भूमेश्वरीचे मामा

१ ऑक्टोबर
आजपासून शाळेत माझा नाट्यवर्ग. सहावी ते आठवी. दुपारी माझं झेरॉक्सचं दुकान बायको, सुशिला, सांभाळेल. मुख्याध्यापक म्हणाले, मानधन नाही. म्हणालो, कलावंत मागत नसतो.
संकल्प: दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथे मुलांचं नाटुकलं असं बसवायचं की पाहुणे ईश्वरदासजी मला दिग्दर्शक म्हणून उचलतील. वडशाला त्यांची नाटक कंपनी आहे. वीस वर्षांपूर्वी त्यांनीच मला एका प्रयोगानंतर काढलं होतं. माझा अभिनय काळाच्या पुढचा होता.

४ ऑक्टोबर
मुलं कसली, पोती आहेत. त्यात आठवीतली भूमेश्वरी. काही सांगितलं की कारण विचारते, "काऊन जी सर?" या भाषेपायी मागच्या गणपतीत तिला झाड केलं होतं. नाटकभर हात वर. रडली. झाड रडत नाही, बारकावा पाळ, असं तिथल्या तिथे माइकवर सुनावलं. गाव हसलं. शिस्त लागली.

९ ऑक्टोबर
परवा गृहपाठ दिला: ओळखीतला एक माणूस निवडा, उठता-बसता निरखा, मग तोच व्हा. ही पद्धत माझी स्वतःची. कुठल्या पुस्तकात सापडली तर त्याने चोरली समजायचं.
पोरं हल्ली माझ्यावरून नजर हटवत नाहीत. शेवटी प्रभाव पडतोच.

१८ ऑक्टोबर
भूमेश्वरीने बसवून आणलं. पात्र: बालाघाटचे तिचे मामा. बोलण्याआधी दोनदा खाकरतात, मोबाइलच्या काचेत भांग पाहतात, जगाला अभिनय शिकवतात. हसून पोट दुखलं. काय पोकळ माणूस!
पण काम कच्चं. दोनदा खाकरून सांगितलं, पॅन्ट एका हाताने ओढू नकोस. असली माणसं दोन्ही अंगठे बेल्टमध्ये घालून ओढतात. करून दाखवलं. पहिल्याच झटक्यात तंतोतंत! सातवीतल्या लोकेंद्रला तर पाणी प्यायला बाहेर पळावं लागलं.
हेच मंडईत करायचं ठरलं.

२४ ऑक्टोबर
मामांना पण कंपनीने काढलंय म्हणे. काढणारच.
केसांचा डाय घामाने कानामागे ओघळतो, हे भूमेश्वरीने सुचवलं. मी सुधारलं: फक्त डाव्या कानामागे. उजवा रुमालाने पुसला जातो, डावा राहतो. घरी सुशिलाला सांगितलं. तिने माझ्या डाव्या कानाकडे पाहिलं. म्हणाली, "जेवून घ्या जी."
तिला कलेत गती नाही.

६ नोव्हेंबर
धानाच्या कापणीने निम्मी पोरं गायब. तक्रार केली, उपयोग शून्य.
मामांसाठी उसवलेला कोट पाहिजे म्हणून भूमेश्वरीने माझा मागितला. माझा उसवलेला नाही. खांद्यापाशी जरा मोकळा आहे. दिला.

१२ नोव्हेंबर, मंडई
विजय! पोरगी आली, नुसती खाकरली, आणि पेंडॉल उसळला. मग सगळे वळून माझ्याकडे पाहू लागले. दिग्दर्शकाची इतकी कदर कुठे पाहिली नव्हती. उभा राहिलो, पॅन्ट सारखी केली, नमस्कार केला. हशा दुप्पट. मागून कोणी ओरडलं, "अबे, ओरिजनल पण आला रे!" अर्थ लागला नाही.
ईश्वरदासजी डोळे पुसत होते. उद्या बोलावलंय.

१३ नोव्हेंबर
ईश्वरदासजी म्हणाले, नव्या नाटकात विनोदी काम आहे. संवाद नाही. यायचं, खाकरायचं, जायचं. मी म्हणालो, आणि दिग्दर्शन? ते म्हणाले, "ते आमी पाहून घेऊ. तुमी फक्त त्या पोरीनं केलं तसं करा."
म्हणजे तिचे मामा?
आधी ते हसले. मग थांबले. "भाऊ, तुमाले खरंच मालूम नाही?"

घरी. आरसा. डावा कान.
सुशिलाला विचारलं. म्हणाली, "तिले मामाच नाही जी. साऱ्या गावाले मालूम आहे."

१४ नोव्हेंबर
दुकान बंद. ताप असावा. थर्मामीटर म्हणतो नाही.
विचारांती: काम स्वीकारावं. रंगभूमी लहान-मोठं पाहत नाही. आणि हे पात्र माझ्याइतकं कोणाला जमणार?

१५ नोव्हेंबर
वडशाला चाचणी. आलो, खाकरलो, पॅन्ट ओढली. तालमीतलं कोणी हसलं नाही. ईश्वरदासजी म्हणाले, "बनावटी वाटून राह्यलं. त्या पोरीजवळून शिकून या."

१६ नोव्हेंबर
भूमेश्वरीच्या घरी गेलो. अंगणात सुपाने धान पाखडत होती. आईने खुर्ची आणली. भूमेश्वरीने ती परत आत ठेवायला लावली. म्हणाली, "चालून दाखवा जी." चाललो. "पुन्हा." चाललो. कुंपणापाशी पोरं जमली, लोकेंद्र सर्वांत पुढे.
म्हणाली, "निरीक्षण कमी पडून राह्यलं, सर. आधी उभं राहणं शिका. हात वर."
केले.
ती पाखडायला बसली. ऊन चढलं. हात खाली करा, असं काही ती म्हणाली नाही.
पाखडताना कोंडा फार उडतो. डोळ्यांत तोच गेला होता.