डावा पाय औषधाचा, उजवा आजाराचा

ब्रह्मपुरी
२२ नोव्हेंबर १९९८

सौ. दामिनीबाईंना आशाचा नमस्कार.

आमच्या लेकीच्या, मयुरीच्या लग्नात माझ्या वरणात पोहता येतं असं तुम्ही भर पंगतीत म्हणालात, तेव्हापासून आपण बोललो नाही. नणंद-भावजयीच्या घशाला एवढी विश्रांती आपल्या घराण्यात कोणी दिली नसेल.

इकडे धान कापून झालं. मंडईची जत्रा झाली. तुमचे भाऊ यंदा मंडईच्या नाटकात राजा होते. सेनापतीला उभा चिरला आणि घरी येऊन पायात सराटा रुतला म्हणून विव्हळले.

पायावरून आठवलं. पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या वेळी माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर जांभळे ठिपके उठले. शेजारच्या गुलाबबाईंनी दारातूनच निदान केलं, "बांधीतला चिखल बाधला तुमाले. बिब्बा लावा, झडून जाते." मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी लावला. डावा पाय पुरा झाला, कातडी पोळली आणि मी अशी बोंब ठोकली, की उजवा वाचला.

डॉक्टरांनी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले. मग विचारलं, "यात आजार कोणता आणि औषध कोणतं?" डावा औषध, उजवा आजार, असं मी सांगितलं. त्यांनी उजव्यावर काच दाबून पाहिली. ठिपके फिके होईनात. म्हणाले, हे कातडीचं दुखणं नाही; आतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्यात, रक्त झिरपतंय. गोळ्या दिल्या, ठिपके गेले. गोळ्या थांबल्या, तसे लग्नाच्या पाहुण्यांसारखे परतले, आणखी चार जणांना घेऊन.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पायाशी काही संबंध नसलेलं विचारलं. वजन उतरलं का? संध्याकाळी कणकण येते का? जिना चढताना दम लागतो का? वजन उतरलं म्हणून मी तर खुशीत होते. जुने ब्लाऊज पेटीतून काढले होते.

मग ते म्हणाले, या वयात कधी कधी पायावरचे ठिपके नुसती वर्दी देतात, मूळ आत दुसरीकडेच असतं. बहुतेकांत काही निघत नाही. थोड्यांत कॅन्सर निघतो. माझं रक्त त्यांना पसंत पडलं नाही. हाडातला मगज तपासायला गुरुवारी तुमच्या नागपूरला यायचं आहे.

घरी मी फक्त 'पायाची तपासणी' एवढंच सांगितलंय. राजे म्हणाले, "पायासाठी नागपूर काऊन? पाय तर इथीच हाय." त्यांना सोबत आणलं, तर सुई बघून आधी तेच आडवे होतील. मयुरी रडेल.

तुम्ही या, बाई. मोठ्या दवाखान्यात खरं रोग्याला सांगत नाहीत. सोबतच्या माणसाला बाहेर बोलावतात, आणि ते माणूस आत येऊन हसतं, काही नाही म्हणे. सासूबाईंच्या वेळी आम्ही सगळे असेच रांगेने हसत आत गेलो होतो. हसल्या नाहीत त्या फक्त तुम्ही. सासूबाईंनी हात धरला तो तुमचाच.

माझ्यावर माया करणारे इथे पुष्कळ आहेत. त्यांतलं एकही कामाचं नाही.

गुरुवारी सकाळच्या एसटीने येते. डॉक्टर बोलावतील तेव्हा ज्या तोंडाने बाहेर जाल, त्याच तोंडाने आत या.

तुमची भावजय,
आशा