ग्राहक नंबर एक

प्रिय युआन-काय,

दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. पोर तापलीय. परवापासून दूध ओढत नाही, आज सकाळपासून तर रडतही नाही, नुसती कण्हते. एकोणीस दिवसांची आहे ती. आणि दार तुझ्या मोबाईलशिवाय उघडत नाही. तू तिकडे तैपेईत, पैसेवाल्यांना हेच दार दाखवायला गेलायस.

तुझ्या 'ग्राहकाचं मत' या कागदाच्या मागे लिहितेय, घरात दुसरा कागद नाही. बाळंतिणीने वाचायचं नाही, मोबाईल बघायचा नाही, डोळे जातात, असं तुझी आई म्हणाली आणि तू माझा मोबाईल खिशात घालून गेलास. तीस दिवस घराबाहेर पाऊल नाही, केस धुवायचे नाहीत, वारा लागू द्यायचा नाही. ऐकलं मी सगळं. माझ्या आईनेही पाळलं होतं. पण तिच्या दाराला आतून कडी होती.

कल्पना बायकोचीच, असं सांगत फिरतोस ना? मी काय म्हटलं होतं ते आठव. पोटुशी होते, तुझ्या तिन्ही आत्या येऊन बसल्या होत्या, एक म्हणे हे खा, दुसरी म्हणे ते खाऊ नको. तेव्हा म्हटलं, महिनाभर कुणीतरी दाराशी बसून ह्यांना परत पाठवायला पाहिजे. एवढंच. आत्यांना बाहेर ठेव म्हटलं होतं, मला आत कोंड म्हटलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तू तुझ्या त्या भागीदाराला, लिनला बोलावलंस, बाळंतिणींची दारं मोबाईलने बंद ठेवायचा धंदा सुरू. लिन म्हणाला, 'वहिनी, नशीब काढलंत, पहिल्या ग्राहकाला सगळं फुकट.' तुझी आई म्हणाली, 'आमच्या वेळी सासू दारात बसायची, आता मशीन बसलंय, तेवढाच फरक.' अरे, सासूला हाक मारली तर ती उठते तरी.

भिंतीवरचं ते मदतीचं बटण किती वेळा दाबलं असेल. त्यातली मशीनची बाई गोड आवाजात म्हणते, आई, तुम्ही थकलात, आल्याचं गरम सूप घ्या. पोरीचं अंग भाजतंय म्हटलं, तर म्हणते पायात मोजे घाला. खिडक्या तू आणि लिनने वाऱ्याच्या नावाने चिकटपट्ट्या लावून, खिळे मारून बंद केल्यात. दारावर थापा मारल्या. समोरची म्हातारी आली, बाहेर कुणाला तरी सांगत होती, 'बाळंतीण आहे, महिनाभर सगळ्याच ओरडतात. लक्ष देऊ नका, नवऱ्याने सांगून ठेवलंय.' सांगून ठेवलंयस तू. ते बरं सुचलं तुला.

निघताना म्हणालास, महिना संपेपर्यंत एकदाही दार उघडलं नाही असं पैसेवाल्यांना दिसलं की आपलं काम झालं. अजून अकरा दिवस राहिलेत. दार दिसेल रे त्यांना. आत काय चाललंय ते कुठे दिसणार? मी सहावी शिकलेली, तुमची ती चाचणी मला कळत नाही. पण पोर हातात गार पडायला लागली की काय होतं ते कळतं. तिचे पाय गार पडलेत, युआन-काय.

तुझीच, असं आज लिहिणार नाही. आणि तू वाचशील म्हणूनही हे लिहिलेलं नाही. दाराच्या फटीतून सरकवतेय. ज्याच्या हाती पडेल त्याने माझ्या भावाला फोन करा. अ-शेंग त्याचं नाव, टॅक्सी चालवतो, नंबर खाली मोठा करून लिहिलाय. त्याला सांगा, पेई-झेनला कोंडलंय, बारावा मजला, दार फोडायला काहीतरी घेऊन ये. मी वेडी नाही. त्यालाच फोन करा, माझ्या नवऱ्याला नको.