कुलांजियाचं सातवं कलम

इगतपुरी,
डिसेंबर २००६

प्रिय वैशू,

पत्र तुझ्या शाळेच्या ऑफिसात आलेलं बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. सिडकोतल्या तुझ्या सासरी पाठवलं असतं तर ते आधी दुसऱ्याच कुणी फोडलं असतं, आणि हे फक्त तुझ्यासाठी आहे. आडवळणानं बोलणं मला जमत नाही, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकते. तू इगतपुरीला यावंस, माझ्याकडे, आणि लवकर यावंस, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. आत्ताच का, ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू उरलेलं न वाचताच पत्राची घडी करून पर्समध्ये कोंबशील. तुला मी काय आज ओळखते?

पहिली बातमी आपल्या देशाची. कुलांजिया प्रजासत्ताक उत्तम चाललं आहे. लोकसंख्या अजून दोनच, त्यातली एक नागरिक बरीच वर्षं परदेशी, म्हणजे नाशकात असते. राष्ट्राध्यक्ष मी आहे. निवडणूक झाली नाही, पण तू हजर नव्हतीस, तेव्हा तक्रार करायची सोय नाही. राजधानी सध्या आमच्या खानावळीत आहे. हर्षलनं यंदा वर एक खोली काढली. रंग अजून ओला वास मारतो, पण खिडकी मोठी आहे आणि दुपारपर्यंत ऊन असतं. खाली त्याची आई, म्हणजे आमच्या सासूबाई, चुलीपुढून हलायला तयार नाहीत. गॅस आणला तर म्हणाल्या, त्याच्यावर च्या कर, भाकरीला हात लावू नको. त्यांच्या हातच्या भाकरीसाठी मनमाडपासूनचे ड्रायव्हर-गार्ड आमच्याकडे जेवतात, त्यामुळे मी काही बोलत नाही.

आठवीतलं ते प्रदर्शन तुला आठवतंय ना? युरोपातला एकेक देश दोघीदोघींना वाटून दिला होता आणि नेमक्या त्या दिवशी आपण दोघी घोटीच्या बाजारात तुझ्या आईबरोबर तांदूळ विकायला बसलो होतो. दुसऱ्या दिवशी गेलो तर फ्रान्स गेलेला, इटली गेलेला, स्वित्झर्लंड तर मुख्याध्यापकांच्या भाचीनं आधीच पटकावलेला. आहेर बाई म्हणाल्या, उरलेला कुठला तरी घ्या. मी रडवेली झाले होते. तू नकाशावर स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधे बोट ठेवलंस आणि म्हणालीस, इथं मावेल आपला. घोटीकडून दिसणाऱ्या कुलंग किल्ल्यावरून त्याचं नाव ठेवलं. त्याच जागी खरोखरचा एक चिमुकला देश आहे हे आपल्याला कॉलेजात गेल्यावर कळलं.

काय थाट होता त्या तक्त्याचा. आल्प्सच्या कुशीतलं प्रजासत्ताक, आणि तिथले लोक उतारावर भात लावतात. राष्ट्रीय पोशाख इरलं. राष्ट्रीय फूल सोनकी. गाय सगळ्याच देशांनी घेतली होती म्हणून राष्ट्रीय प्राणी म्हैस. सैन्य नाही, फक्त बोगद्याच्या तोंडाशी हिरवं आणि लाल निशाण घेतलेला एक माणूस. आणि देशाचा अभिमान म्हणजे रेल्वे. तिथं तू कसाऱ्याचा घाटच उचलून ठेवला होतास. कसाऱ्याला गाडीच्या मागं बँकर इंजिनं जोडतात आणि इगतपुरीला काढून घेतात, ते आपल्याला रावजीकाकांनी सांगितलेलं. ते तेव्हा बँकरवर ड्रायव्हर होते. तू विचारलंस, पुढचं इंजिन एवढं मोठं असताना मागं कशाला? ते म्हणाले, "पोरी, बँकर काय गाडी वढत नाय. मागून नुसता म्हनतो, चल, मी हाय." तक्त्यावर आपण लिहिलं की या देशात कुणीही घाट एकट्यानं चढत नाही.

आणि ते पाहुणे. युरोप फिरून आलेले निवृत्त साहेब. आपल्या तक्त्यापुढे उभे राहून छडीनं नकाशा दाखवत सगळ्यांना सांगायला लागले की कुलांजियातून ते स्वतः गेले आहेत, रस्ते फार स्वच्छ आहेत, लोक जरा अबोल आहेत. आहेर बाईंनी घाम पुसला. तू मात्र मान डोलावून म्हणालीस, हो सर, थंडीमुळे. पहिलं बक्षीस आपल्याला मिळालं, झाकणाचे दोन स्टीलचे डबे. माझा डबा अजून आहे, त्यात मी जिरं ठेवते. बाईंनी नंतर स्टाफरूममध्ये बोलावून दार लावलं तेव्हा वाटलं की आता मार बसणार, आणि त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

पण पाहुणे एका ठिकाणी अडले होते, ते मला जास्त लक्षात आहे. सातवं कलम. देशाच्या घटनेची सहा कलमं आपण मिळून केली होती, सातवं तुझं एकटीचं. लाल स्केचपेननं लिहिलेलं. देशात येणाऱ्या कुणालाही, का आलात आणि किती दिवस राहणार, हे विचारलं जाणार नाही.

ते कुठून आलं हे मला तेव्हाच कळलं होतं, फक्त आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. तुझी कुसाआत्या त्याच वर्षी दिवाळीनंतर सिन्नरहून आली होती. सणाला येतात तशी पिशवी नव्हती, ट्रंक होती. नळावर जो तो विचारी, "कवा आली गं कुसा? किती दिस हाय?" वाईट कुणीच नव्हतं, वैशू. माहेरी आलेल्या प्रत्येक लेकीला आपल्याकडे हेच विचारतात, मलाही विचारतात आणि मी मजेत सांगते. जिला उत्तर देता येतं तिला तो लाड वाटतो. आत्याला उत्तर नव्हतं. आधी तिनं कुणाला आठ दिवस सांगितले, कुणाला पौर्णिमेपर्यंत. मग नळावर कुणी नसेल अशा भर दुपारी ती पाण्याला जायला लागली. आणि एका सकाळी तुझ्या वडलांनी ट्रंक परत एसटीच्या टपावर चढवली. ओरडून कुणी हाकललं नाही, त्या एका प्रश्नानंच ती गेली. त्यानंतर तुमच्या घरच्या लग्नालासुद्धा ती कधी मुक्कामी राहिली नाही. मला कुणा माणसाचा राग येत नाही, नळाचा मात्र अजून येतो.

पाहुणे ते कलम वाचून हसले होते. म्हणाले, असा कायदा केला तर देश महिन्यात बुडेल. तू दोन वेण्या मागं टाकून म्हणालीस, "नाही बुडणार सर, आमचा देश उंचावर आहे." मला त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटला होता की काय सांगू. अजून वाटतो.

आता खरं कारण. रावजीकाका निवृत्त झाले, पण दिवसातून एकदा फलाटावर चक्कर मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. गेल्या मंगळवारी ताटावर बसता बसता म्हणाले, "तुझी मैत्रीण दिसली ना, वैशी. बाकड्यावर बसलेली, मोठी बॅग हाती. च्या पिती का इचारलं, तं म्हनली नको, सहज आले." मी हातातलं पातेलं ठेवून स्टेशनात धावले, तर बाकडं रिकामं. मनमाडकडची गाडी नुकतीच गेली होती. म्हणजे तू आलीस, वैशू. आपल्या देशाच्या सीमेपर्यंत आलीस, भावाचं घर आणि नळ डोळ्यांपुढे आणलास आणि परत फिरलीस. त्या बॅगेत काय होतं आणि सिडकोत काय झालं, मला ठाऊक नाही आणि मी विचारणार नाही. तुझाच कायदा आहे, मी मोडायची नाही. वरची खोली तुझी आहे. भाड्याचं बोललीस तर जिऱ्याचा डबा फेकून मारीन. नाशिकहून येताना गाडीला बँकर लागत नाही, पण तुला लागेल, म्हणून शाळेतून नुसता फोन कर आणि निघ. मी नाशिकरोडला येऊन तुझ्याच डब्यात बसेन. तुझा गोरक्षदादा आणि वहिनी तुला परत पाठवायला आलेच तर मी खाली बसलेली असेन, आणि मला ओलांडून जिना चढणं सोपं नाही. सगळ्यात धास्ती मला सासूबाईंची होती, कारण तो प्रश्न त्यांच्या जिभेवरच असतो. काल त्यांना शेजारी बसवून सातवं कलम समजावून सांगितलं. भाकरी थापता थापता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाय इचारणार. पन जेवली का, एवढं तरी इचारू ना?" तेवढ्याला मी परवानगी दिली आहे.

तुझीच,
तृप्ती
(राष्ट्राध्यक्ष, तू येईपर्यंत)