दोन वाट्या विरजण

अण्णा,

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. सातपूरच्या कारखान्यातल्या तुमच्या सांडपाण्याच्या टाकीवर आता मी असतो. एका मुलीपायी मारामारी करून, कॉलेज अर्ध्यात सोडून घरी बसलो, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. "चल टाकीवर. तिथल्या वासात तुझं रडगाणं कुणाला कळायचं नाही," एवढंच म्हणालात.

टाकीतले जंतू घाण खायचे, तुम्ही त्यांना 'आपली जनावरं' म्हणायचात. आणि कारखान्यात बनायचं ते जंतू मारायचंच औषध. म्हणून अँटिबायोटिकची भांडी धुतलेलं पाणी आधी वेगळ्या हौदात चुना घालून ठेवायचं, औषध मोडेपर्यंत. मोडलं का, ते तुम्ही दह्याला विचारायचात. दोन वाट्या कोमट दूध, दोन्हींत विरजण. एकीत चमचाभर नळाचं पाणी, दुसरीत हौदातलं. दोन्हींत दही लागलं की हौदाचं पाणी टाकीत सोडायचं.

त्या बुधवारी सकाळी दुसऱ्या वाटीत दूधच होतं. "औषध जिवंत आहे. संध्याकाळी परत लाव, आणि लागेपर्यंत इथून हलायचं नाही," तुम्ही बजावलंत. जिच्यापायी मारामारी केली, तिचं लग्न ठरलं होतं. गुरुवारी दुपारी गंगापूर रोडला एकदा भेटायला ती कशीबशी कबूल झाली होती. मी दोन्ही वाट्यांत नळाचंच पाणी घातलं.

सकाळी तुम्ही वाटी उलटी धरता, दही हलत नाही. तुम्ही हसता. "जा आता, कुठं जायचंय तिथं." आणि स्वतःच्या हातानं झडप उघडता.

ती आली, दहा मिनिटं थांबली, "आता कुणाशी भांडू नकोस" म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी टाकी काळी पडली, आपली जनावरं मेली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दह्यावर कारखाना चालवता का?" मी पुढे झालो, खरं सांगायला नाही, त्यांच्या अंगावर धावून जायला. तुम्ही माझा दंड धरलात. "चूक माझी आहे, साहेब." मग तीन आठवडे पंचवटीतल्या गोठ्यांमधून शेण आणून, त्यात गूळ कालवून, कोपरापर्यंत हात घालून तुम्ही टाकी जागी केलीत. वाट्या मात्र आईला परत दिल्यात. "दह्याचा भरवसा नाही रे," म्हणालात. मी बादल्या उचलत राहिलो.

आता त्या वाट्या मी पुन्हा आणल्यात. लॅबमधल्या नव्या मॅडम यंत्रावर ताडून बघतात. परवा म्हणाल्या, "काका, तुमचं दही बरोबर सांगतं हो. कधीच चुकलं नाही?"

ते कधीच चुकलं नव्हतं, अण्णा. इथं, कुणाच्या हाती न जाणाऱ्या कागदावर, मी ते लिहू शकतो. त्यांना मात्र म्हणालो, "वडिलांच्या वेळी, एकदा."