योगिनी, आवाज पोहोचतोय का?

रिसोड,
११ नोव्हेंबर २०२४

चि. योगिनीस,
मंजूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन बंद आहे, मेसेजवर एकच टिक दिसते. म्हणून आत्याकडून तिच्या लेकीचा, म्हणजे तुझा, मुंबईचा पत्ता घेतला आणि कागदावर लिहायला बसले. पत्र लिहायची सवय गेली आहे, चुका पोटात घाल.

इकडे सर्व ठीक. दिवाळी झाली. आत्याने अनारसे केले होते, पण तू नसल्यामुळे अर्धे तसेच डब्यात आहेत. माझे लग्नांच्या शूटिंगचे काम आता सुरू होईल. तुळशीचे लग्न झाले की एकेका दिवशी दोन-दोन लग्ने आहेत. नवीन ट्रायपॉड घेतला. जुना तुला माहीत आहे, किन्हीराजाच्या पुराच्या बातमीत तो चिखलात रुतत गेला होता, आणि अख्ख्या महाराष्ट्राला वाटले की वाशिम जिल्हा एका बाजूला कलंडला. तेव्हा आपण दोघी किती हसलो होतो.

तेच सांगायचे आहे. असे सगळ्यांचे होते. मागे एका पुढाऱ्याच्या निधनाच्या बातमीला वरातीची दृश्ये लागली होती. पडद्यावर वाशिमचे ‘वसीम’ झाले होते ते तर तीन तास तसेच राहिले. लोक चार दिवस हसतात आणि विसरतात. तुझेही विसरतील.

तुझ्या बाबांनी यंदाचे सोयाबीन रिसोडला विकले नाही, आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावला नेले. भाडे जास्त पडले. पण आधी इथल्या मार्केट यार्डात आले तेव्हा कोणीतरी त्यांना विचारले म्हणे, “काहो जगदेवभाऊ, तुमच्या सोयाबीनले दात हायत का?” ट्रॅक्टर वळवला आणि परत रिठदला गेले. आत्याने मला सांगितले. तुला कळवू नको म्हणाली होती.

आता त्या दिवसाचे. विदर्भाचे काम पाहणाऱ्या वीरेंद्र सरांनी चॅनलसाठी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी काय लिहिले ते तुला माझ्याकडूनच कळलेले बरे. मी लिहिले की, बावीस ऑक्टोबरला अकराच्या बातम्यांत मार्केट यार्डातून लाइव्ह होते. योगिनी माइक घेऊन उभी होती, कॅमेरा माझ्याकडे होता. गर्दीत तिच्या फोनचे नेटवर्क गेले आणि तिच्या इअरपीसचा कॉल कटला. स्टुडिओतून अँकर ‘योगिनी, आवाज पोहोचतोय का?’ असे विचारत राहिली, ते तिला ऐकू आले नाही. आपण पडद्यावर आहोत हे न कळल्याने शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या भागिरथाबाईंबद्दल ती जे बोलली, ते एकोणीस सेकंद सगळीकडे गेले. माझाही फोन त्या वेळी लागत नव्हता, त्यामुळे मी तिला सावध करू शकले नाही.

असेच झाले ना? मी काही वाढवून लिहिलेले नाही.

तुला रात्रपाळीला डेस्कवर बसवले, पडद्याखालच्या पट्ट्या टाइप करायला दिल्या, असे ऐकले. तेही काम कोणीतरी करायचेच असते. एसीत बसून असते. ऊन नाही, धूळ नाही. मी आठ वर्षे उन्हातच उभी आहे, मला विचार.

एक राहिले. विदर्भासाठी तुझ्या जागी कोणाला पाठवणार, काही कानावर आले का? सहज विचारले.

तब्येतीला जप.

तुझी,
मंजूताई



रिसोड,
१९ जानेवारी २०२५

योगिनी,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. यावं असं ते पत्रही नव्हतं. शाळेत निबंध लिहावा तशा भाषेत लिहिलं होतं, कारण त्या भाषेत खोटं लिहायला सोपं जातं. आज जसं बोलते तसंच लिहिते.

तुझी जागा मला मिळाली. तुला कळलंच असेल. पूर्ण नाही, जिल्ह्यापुरती. दोन डिसेंबरला वीरेंद्र सरांचा फोन आला, म्हणाले, “आता तुम्हीच कॅमेऱ्यासमोर उभ्या राहा, लोक तुम्हाला ओळखतात.” चॅनलचा माइक हातात आला तेव्हा मी तो घरी आणून आरशासमोर धरला. चौतीस वर्षांची बाई, दार लावून आरशासमोर. ‘मला’, ‘तुला’, ‘का बरं’, ‘करत आहेत’. शंभर वेळा म्हटलं. कॅमेरा धरायला बबलूला घेतलं. तो बसस्टँडजवळच्या फोटो स्टुडिओत माझ्यासोबत काम करतो, तू त्याला पाहिलं आहेस.

तुला ती अकोल्याची ऑडिशन आठवते का? रिसोडच्या केबलवर बातम्या मी सुरू केल्या होत्या. माइक कसा धरायचा, वाक्य कुठं तोडायचं, हे तुला मी शिकवलं. दोघी एकाच एसटीनं अकोल्याला गेलो. मी आधी बोलले, आणि माझ्या तोंडून ‘शेतकऱ्याईले’ निघालं. समोरचे तिघं हसले. म्हणाले, पुन्हा म्हणा. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच निघालं. मी तुझ्याकडं पाहिलं, तर तूही हसत होतीस. फार नाही, ओठ दाबून. तुला घेतलं आणि मला म्हणाले, तुमचा कॅमेऱ्याचा हात चांगला आहे.

आठ वर्षं मी तुझा चेहरा बघितला, योगिनी. टीव्हीवर नाही, कॅमेऱ्याच्या त्या लहानशा पडद्यावर. तुझ्या कपाळावर घाम आला की सगळ्यात आधी मला दिसायचा. लोक म्हणायचे, काय सुंदर बोलते हो तुमची बहीण. मी म्हणायचे, हो ना. घरी आले की भाजीत मीठ जास्त पडायचं.

यार्डातल्या त्या दिवशी तू चॅनलच्या गाडीनं आलीस. उतरताना ड्रायव्हरला म्हणालीस, “ही आमची इथली कॅमेरावाली.” ताई म्हणाली नाहीस. कदाचित घाईत असशील. मी हे एवढं धरून ठेवायला नको होतं, पण धरून ठेवलं.

आता ऐक. माझा फोन लागत होता.

तुझा कॉल कटल्यावर स्टुडिओतून लगेच माझ्या फोनवर कॉल आला. एका कानात माझा हेडफोन होता. प्रोड्यूसर ओरडत होता, “मॅडम, योगिनीला आवाज जात नाही, आपण तिच्यावर आलोय, ती लाइव्ह आहे, इशारा करा!” मला फक्त एक बोट वर करायचं होतं. हजार वेळा केलं आहे. मी दोन्ही हात कॅमेऱ्यावर ठेवले. तू माइक तोंडाजवळ धरून उभी होतीस, केस सारखे करत होतीस, आणि मला वाटलं, राहू दे हिला अशीच थोडा वेळ. बावळट दिसू दे. एवढंच मनात होतं, असं मी अडीच महिने स्वतःला सांगितलं.

एवढंच नव्हतं. तू गप्पच उभी होतीस. गप्प राहिली असतीस तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मी विचारलं तुला, “हे बुढी चालन का वं?”

मला माहीत होतं तू काय म्हणशील. आपण दोघींनी किती गावांत किती माणसं अशी निवडली. ही नको, ती घे, याचा शर्ट फाटका आहे, चांगला दिसेल. मीही तेच बोलत आले. फरक एवढाच की त्या वेळी आपण पडद्यावर आहोत हे मला ठाऊक होतं, आणि तुला नव्हतं. तू म्हणालीस, “नको वं, तोंडात दात नाही तिच्या, काय बोलते समजन तरी का कोणाले? दुसरी पाहा एखादी, बरी दिसणारी.” आठ वर्षांत तू टीव्हीवर पहिल्यांदा आपल्या बोलीत बोललीस, आणि तेच तुला नडलं. क्लिपमध्ये माझा प्रश्न नाही. माइक तुझ्या हातात होता, माझा आवाज गर्दीत बुडाला.

प्रोड्यूसरनंही त्या कॉलचं नाव काढलं नाही, तुझ्यावरून वेळेत हटला नाही हे त्याच्याही अंगाशी आलं असतं. हे मी कधीच कोणाला सांगितलं नसतं. खरंच नसतं.

मागच्या आठवड्यात रिठदला गेले होते. तिथल्या बचत गटाच्या बायका हळद दळून पाकिटं भरतात, त्याची बातमी होती. हेमला म्हणून त्यांची अध्यक्ष आहे, ती भागिरथाबाईंची सून. लाइव्हला पंधरा मिनिटं होती. बायका रांगेत बसल्या होत्या, आणि भागिरथाबाई शेवटी, भिंतीकडं तोंड करून पाकिटं मोजत होत्या. बोलायची वेळ आली की त्या तोंडावर पदर घेतात. हेमला म्हणाली, “दिवाळीच्या आधीपासून असंच हाय. जेवतानीही पाठ करून बसते.”

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, आजी, चार शब्द बोलता का? त्यांनी पदराआडून माझ्याकडं नीट पाहिलं.

“मले काहून इचारते? मी चालतो का तुले?”

मी म्हटलं, “असं काहून म्हणता आजी?”

“तूच इचारलं व्हतं ना तिले त्या दिवशी, हे बुढी चालन का मनून. मी तुमच्या दोघीच्या मंधात उभी व्हतो. कान शाबूत हायत माये.” मग म्हणाल्या, “तिचं सगळं निंगालं टीव्हीवर. तुयं काहून नाही निंगालं वं?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच त्यांना ते समजलं नव्हतं आणि त्या मला विचारत होत्या.

मी लाइव्ह केलं. काय बोलले ते आठवत नाही. बबलू म्हणाला, ताई, तुम्ही दोनदा ‘मले’ म्हणाल्या.

घरी येऊन फोनमध्ये शोधलं. माझ्या फोनवर सगळे कॉल रेकॉर्ड होतात. बावीस ऑक्टोबर, अकरा वाजून सात मिनिटं. प्रोड्यूसरचा आवाज आहे, माझा ‘हो सर’ आहे, आणि त्यानंतर माझाच प्रश्न आहे, अगदी स्पष्ट. ते रेकॉर्डिंग मी वीरेंद्र सरांना पाठवलं आणि आधीचा खुलासा खोटा आहे असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “अहो, लोक विसरले आता. कशाला उकरता? तुम्ही दोघीही कामाच्या आहात.” मी म्हटलं, सर, ती पट्ट्या टाइप करते. ते म्हणाले, तिला ते काम जमतंय. बस, एवढंच.

मग मी परवा पुन्हा रिठदला गेले. तुझ्या घरी आधी. आत्यानं चहा ठेवला होता. मी ओट्याजवळ उभी राहूनच सगळं सांगितलं. आत्यानं गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत गेली, ती बाहेर आलीच नाही. तुझे बाबा दारापर्यंत आले. म्हणाले, “मंजू, लहानपणी तुमी दोघी एकाच ताटात जेवत होत्या. आता माह्या घरी नको येऊ काही दिवस.” काही दिवस म्हणाले. कायमचं म्हणाले नाहीत, हे मी वाटेत पुन्हा पुन्हा मनात घोळवलं.

तिथून भागिरथाबाईंकडं. अंगणात बसून, बबलूच्या कॅमेऱ्यासमोर, जे तुला लिहिलं तेच बोलले. शुद्ध बोलायचा प्रयत्न केला नाही. ज्या ज्या ग्रुपवर तुझी क्लिप फिरली, तिथं तिथं टाकलं. तुझी क्लिप लोकांनी गाणी लावून फिरवली, लाखांनी पाहिली. माझं कालपर्यंत साडेचारशे लोकांनी पाहिलं. कोणी गाणं लावलं नाही. चॅनलनं मात्र पाहिलं, संध्याकाळी माइक परत मागवला.

माइक देताना हात मोकळा झाला असं लिहिलं तर ते पुन्हा खोटं होईल. द्यावंसं वाटत नव्हतं. तू परत लाइव्हला आलीस तर मी टीव्ही लावीन की नाही, तेही माहीत नाही. हेवा गेला नाही, योगिनी. फक्त आता त्याला त्याच्या नावानं ओळखते.

माफी मागत नाही. माफ करायचं की नाही हे ओझंही तुझ्यावर कशाला टाकू? रेकॉर्डिंग तुझ्या मेलवर पाठवलं आहे, ते कुठंही दाखव. पोलिसात दे, चॅनलच्या मोठ्या साहेबांना दे. मी नाही म्हणणार नाही.

एकच सांगते, आणि हे ताई म्हणून सांगायचा हक्क उरलेला नाही हे कळतं. प्रश्न माझा होता, पण उत्तर तुझं होतं. माझं मी त्यांच्या अंगणात बसून सांगितलं. तेव्हा भागिरथाबाईंनी तोंडावरचा पदर काढला नाही. मी निघताना हेमलाला म्हणाल्या, “ती दुसरी कधी येते?”

हेमलाचा नंबर या पत्राच्या पाकिटावर मागं लिहिला आहे. दुपारी दोननंतर त्या घरीच असतात.

जिला तू त्या दिवशी ताई म्हणाली नाहीस, आणि बरोबरच केलंस,
ती मंजू