डावा हात पुन्हा बांधलाय

अप्पा, जेवताना तुम्ही माझा डावा हात खांद्यावरच्या पंच्यानं पाठीशी बांधायचात. हल्ली तो रोज सकाळी पुन्हा बांधला जातो. या खेपेला बांधणारी तुमच्या नातीच्या वयाची मुलगी आहे आणि बांधताना ती हसते. तुम्ही हसत नव्हतात.

झालं असं, की आवणी महिन्यात, गणपतीच्या दिवसांत, दुकानात गिऱ्हाइकापुढं शालू उलगडताना माझा उजवा हात मध्येच खाली पडला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी अडकली, वेळेवर आणलंत म्हणून निभावलं. पाय लवकर वळणावर आला, जीभही आली. बायकोच्या मते जीभ जरा जास्तच आली. हात मात्र खांद्यापासून लोंबतोय, दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखा. व्यायाम करून घेणारी ही मुलगी स्कूटीवरून येते. तिचं म्हणणं, चांगला हात पुढंपुढं करतो म्हणून आजारी हात आळशी होतो, तेव्हा चांगल्यालाच कोंडायचं. बायकोनं उशीच्या जुन्या अभ्र्याची पिशवी शिवली. ती डाव्यावर चढवून मनगटाशी नाडी बांधतात आणि मग उजव्यानं टेबल पुसायचं, वाटीतले हरभरे उचलायचे, इडलीचा तुकडा तोंडाशी न्यायचा. इडली कानाशी जाते. तिच्या देखत मी चिडत नाही, ती गेल्यावर चिडतो. दुपारी पिशवी उतरवायची मुभा असते, तेव्हा हे लिहितोय, अर्थात डाव्यानंच.

मालकांनी गादीवरची माझी जागा तै महिन्यापर्यंत, म्हणजे पोंगलनंतरच्या लग्नसराईपर्यंत, धरून ठेवलीय. तोवर हात नाही आला तर दाराशी खुर्ची टाकून बसा, येणाऱ्याला या, बसा म्हणा, असं सांगून गेले. मी काय दारात मांडायचा गणपती आहे?

त्याच गादीवर तुम्ही बसायचात आणि शाळेच्या सुटीत मला शेजारी बसवायचात. एकदा दारासुरमच्या विणकरांच्या मागावरून नुकताच उतरलेला मुहूर्ताचा शालू मी एका आजीबाईंपुढं धरला, डाव्या हातानं. त्यांनी तो घेतला नाही. सुनेकडं नुसतं बघितलं, आणि अख्खं वऱ्हाड उठून समोरच्या दुकानात गेलं. तुम्ही तो शालू घडी करून परत ठेवलात. घरी येताना तळ्याच्या कठड्याशी थांबलात आणि म्हणालात, "पोरा, मुलगी देताना लोक शंभर शकुन बघतात. त्यात तुझा हात आडवा यायला नको." बस, एवढंच. त्या संध्याकाळपासून चटईवर मी, माझ्या मागं तुम्ही, हातात शालूऐवजी तुमची जुनी वेष्टी, म्हणजे नेसायचं धोतर, आणि माझ्या उजव्या मुठीवर तुमची मूठ. विड्याच्या पानाचा वास यायचा तुमच्या बोटांना. खांदा नको, मनगट, असं सारखं कानाशी म्हणता. वेष्टी हवेत लांबलचक उघडते आणि सुरकुती न पाडता खाली बसते. ज्या दिवशी ती माझ्या एकट्याच्या हातून तशी बसली, त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलंत, जमतंय त्याला. मला नाही सांगितलंत.

आता मनातलं बोलतो. उजवा गेला आणि चार दिवसांत डाव्यानं कॉफीचा पेला धरला, थेंब न सांडता. सदऱ्याची गुंडी लावली. सही केली, तीही उजव्याच्या सहीपेक्षा बरी. बायको म्हणाली, हा तर शिकूनसवरून दाराआड उभाच होता की. ती हसत होती आणि मला तुमचा राग आला. चांगला सणसणीत. जो हात माझा तो तुम्ही बांधून ठेवलात आणि परक्या हातासोबत मला जन्मभर नांदायला लावलंत. तुम्ही समोर असतात तर तोंडावर बोललो असतो. बहुतेक.

मागच्या आठवड्यात हे त्या मुलीपाशी बोलून गेलो. ती थबकलीच. हे आधी का नाही सांगितलं, म्हणाली. जन्माचा डावरा असाल तर नाजूक काम सगळं डाव्याकडं देऊ, उजव्याला नुसतं आधाराला धरायला शिकवू, तैच्या आत गादीवर बसाल. आजकालची गिऱ्हाइकं हात बघत नाहीत, फोनमध्ये फोटो बघतात, असंही म्हणाली. मग तिनं नाडी सोडली, पिशवी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "काका, तुम्हाला कुठला हात हवाय?"

अप्पा, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, उजवा. का, तर दुकानाचं कारण सांगितलं, जुनी घराणी अजून येतात म्हटलं, शकुनाचं सांगितलं. तिला पटलं नाही, पण तिनं नाडी बांधली. खरं काय ते तिला कुठं सांगत बसू? डावा माझाच आहे, तो कुठं जातोय. उजवा तुम्ही घडवलात. घर विकलं, तुमचा चष्मा कुठं गेला कोण जाणे, तुमचा आवाजसुद्धा हल्ली नीट आठवत नाही. हा हात गेला तर तुमचं म्हणून माझ्याकडं उरतं काय?

काल उजव्यानं वेष्टी फेकून बघितली. हातभर गेली आणि बोळा होऊन पडली. मुलगी म्हणाली, खांदा उचलू नका. मला हसू आलं, तिला वाटलं कळ आली. तैपर्यंत होईल की नाही, ते तीही सांगत नाही.

एक राहिलं. तिनं तो प्रश्न विचारला त्याच्या आदल्या दिवशी बायको भाजी आणायला गेली होती. मी पिशवी काढली, कपाटातून बायकोचा लग्नातला शालू घेतला आणि चटईवर डाव्यानं फेकला. पहिल्याच झटक्यात तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उघडला, काठ सरळ, एक सुरकुती नाही. माझ्या उजव्याला तसा कधीच जमला नाही. तुम्हालाही नाही. घडी एका हातानं होईना, तसाच कपाटात कोंबला, आणि दातांनी नाडी ओढून पिशवी परत चढवली. हे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं.